धरण्याची परवानगी: तोंडी 'नाही' आणि लेखी उत्तर, माझा अनुभव

धरण्याला परवानगी मिळते की नाही, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. आधी उत्तर लेखी मिळतं का ते बघा. आमचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आणखी कुणाला उपयोग झाला तर बरं.

विषय जनसुरक्षा विधेयकाचा. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा आलं, पुढे संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेने ते मंजूर केलं. एखादी संघटना बेकायदेशीर जाहीर करायचा अधिकार सरकारला, गुन्हे अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आमच्यात शेतमजूर आहेत, अंगणवाडीताई आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. वेतनासाठी, रेशनसाठी रस्त्यावर बसणारी ही माणसं. उद्या आपल्यालाच कुणी 'बेकायदेशीर' म्हटलं तर, ही भीती प्रत्येकाच्या बोलण्यात होती. म्हणून ठरवलं की जिल्हाधिकारी कार्यालयासमोर एक दिवस धरणं धरायचं, निवेदन द्यायचं आणि घरी जायचं.

अर्जदार म्हणून माझं नाव घातलं, कारण बाकी बहुतेकांवर जुन्या आंदोलनांचे गुन्हे होते. अर्जावर पहिली सही ज्याची, पुढचे सगळे फोन, नोटिसा त्याच्याच नावाने येतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावं आणि मोबाइल नंबर, रहदारी अडवणार नाही अशी हमी, एवढं लागतं. मंडपाची आणि स्पीकरची कागदपत्रं फारसा त्रास न होता झाली.

मग पोलीस ठाणं.

ठाणे अंमलदारांनी अर्ज हातात घेतला, संख्येच्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, "ठेवून जा, साहेब बघतील." मी दुसरी प्रत पुढे केली, पोच द्या म्हटलं. "साहेबांना विचारल्याशिवाय शिक्का नाही मारता येत, ताई." साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. अर्ज टेबलावरच्या काचेखाली, शिक्का माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि तो उचलायला कुणी तयार नाही. बाकावर बसून मी बघत होते, बाकी सगळ्यांच्या कागदांवर तोच शिक्का पडत होता.

त्याच काळात गोपनीय शाखेचे फोन सुरू झाले. कुठल्या पक्षाचे? भाषण कोण करणार? बाहेरून कोण येणार? कुठल्या गावाहून किती गाड्या? बोलणं अगदी घरगुती, "सहज विचारतो" असं. म्हणजे अर्ज वरपर्यंत पोचला होता, प्रत्येक ओळ वाचून झाली होती, फक्त पोचला असं मान्य करायचं नव्हतं. या फोनवर जे अर्जात लिहिलंय तेच सांगा आणि तिथेच थांबा. आमच्यातल्या एका तरुण मुलाने मोकळेपणाने आणखी चार नावं सांगितली, आणि त्या चौघांच्या घरीही पोलीस जाऊन आले.

शेवटी निरीक्षक भेटले. माणूस वाईट नव्हता, चहासुद्धा विचारला. म्हणाले, "सदतीस लागू आहे. परवानगी नाही मिळणार."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून कशाला? सांगतोय ना."

"मग करायचं नाही का धरणं?"

"करू नका असं मी म्हटलं का? परवानगी नाही, एवढंच सांगितलं."

या चार वाक्यांवर आमचे पुढचे सगळे दिवस गेले. नीट समजून घ्या, सगळी मेख इथे आहे. लेखी नकार दिला तर त्यात कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की त्याला न्यायालयात आव्हान देता येतं. तोंडी नकाराचं काय करणार? बसलात तर विनापरवाना जमाव म्हणून गुन्हा, नाही बसलात तर तुम्ही स्वतःच माघार घेतली. पोलिसांच्या दप्तरी मात्र त्यांनी काहीच नाकारलेलं नसतं. लोकांना गप्प बसवायला लाठी उगारावी लागत नाही. एक कागद न देणं पुरतं, हे मी त्या खोलीत बसून शिकले, आणि त्याची मला चीड आहे.

सदतीस म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७. त्याच्या पोटकलम (३) खाली जमाव आणि मिरवणुकांना मनाई करता येते, पण राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. आमच्या हाती आलेल्या आदेशात सण, जयंत्या आणि 'विविध संघटनांची संभाव्य आंदोलने' अशी कारणं होती. म्हणजे लोक आंदोलन करतील, हेच आंदोलनाला मनाईचं कारण!

आमच्या ओळखीच्या वकीलताईंनी दुसरा अर्ज लिहून दिला, तो पहिल्यापेक्षा खूप वेगळा होता. त्यात विनंती कमी आणि आधार जास्त. संविधानाचा अनुच्छेद १९(१)(ख), शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. मग १९७२ चा हिंमतलाल शहा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, जो याच कायद्याखालच्या नियमांवर आहे: सार्वजनिक सभांचं नियमन करा, पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर मोकळं सोडता येणार नाही. आणि फेब्रुवारी २०२० चा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल. माजलगावला नागरिकत्व कायद्याविरुद्ध लोकांना शांततेने बसायचं होतं, आणि आडवा आला होता तो हाच कलम ३७ चा आदेश. न्यायालयाने तो रद्द केला आणि स्पष्ट म्हटलं की एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही. हा निकाल छापून सोबत जोडा. आमच्या अर्जाचं वजन त्यानेच वाढलं, असं मला ठाम वाटतं.

अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: परवानगी नाकारायची असल्यास कारणांसह लेखी कळवावे. हा अर्ज आम्ही ठाण्यात दिलाच नाही. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या आवक कक्षात, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, ठाण्याला स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवला. अधीक्षक कार्यालयात आवकच्या बाईंनी न बोलता शिक्का मारला, क्रमांक घातला, वेळ लिहिली. इतकी साधी गोष्ट, पण मला तिथे रडू यायचं बाकी होतं.

धरण्याच्या आदल्या संध्याकाळी ठाण्यातून फोन आला, घेऊन जा. सशर्त परवानगी, वेळ कमी केलेली, स्पीकर नाही. सोबत नोटीस. पूर्वी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून, तिला १४९ ची नोटीस म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८, पण बोलण्यात अजून १४९ च आहे. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास वैयक्तिक जबाबदार धरण्यात येईल, असा मजकूर. नोटीस घ्यायला घाबरू नका, ती म्हणजे गुन्हा नव्हे. सही करताना 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असं लिहून तारीख आणि वेळ घाला. आणि सकाळी उचलून नेलंच तर याच नव्या संहितेचं कलम १७० पाहा, त्याखाली चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वकिलांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचा, मोबाइल काढून घेतात.

धरणं झालं. आमच्यापेक्षा व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यांचीच धावपळ जास्त होती. स्पीकर नसल्याने अंगणवाडीताईंनी घोषणा खड्या आवाजात दिल्या आणि निवेदन देऊन सगळे वेळेत उठलो. मला त्या दिवसाचा अभिमान आहे.

एक सांगायचं राहिलं. नंतर आम्ही माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून वर्षभरातल्या कलम ३७ च्या सगळ्या आदेशांच्या प्रती मागवल्या. तारखा ओळीने मांडल्या तर एक आदेश संपतो त्याच मध्यरात्री दुसरा सुरू होतो. कायदा पंधरा दिवस म्हणतो आणि आमच्या जिल्ह्यात मनाई वर्षभर उठलेलीच नाही. शासनाची मंजुरी दाखवणारा कागद त्या प्रतींमध्ये नव्हता, म्हणून तो मागणारा अर्ज आता वेगळा केला आहे. वकीलताई त्या तारखांचा तक्ता करताहेत, याचिकेला जोडायला.