जुन्या .३२ पिस्तुलाची फोरसाईट दिसेना, तेव्हा : माझा अनुभव

एफएन १९२२, सीझेड २७ ही जुनी लष्करी पिस्तुलं. होल्स्टरमधून काढताना काही अडकू नये म्हणून त्यांच्या साईट (निशाणा जुळवायच्या खुणा) अगदी बुटक्या ठेवलेल्या असतात. आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), त्यामुळे परवान्यावर दिसतात ती .३२ एसीपी या काडतुसाची. माझं एफएन १९२२ आहे. फोरसाईट म्हणजे स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) पुढच्या टोकाला असलेला बारीक उंचवटा, बॅकसाईट म्हणजे मागची अरुंद खाच, आणि पुढे टार्गेटचा गोलही काळाच. काळ्यात काळं शोधत बसावं लागतं.

उपाय स्वस्त आहे: फोरसाईटची आपल्याकडे असलेली बाजू रंगवायची, बॅकसाईट मात्र काळीच ठेवायची. बॅकसाईटच्या खाचेच्या दोन्ही बाजूंनाही ठिपके दिले तर नजर तिन्ही ठिपक्यांमध्ये फिरत राहते, म्हणून मी ते टाळतो.

रंगाला हात घालण्याआधी मॅगझीन काढायचं, मगच स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. क्रम उलटा झाला तर मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाते. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

खरी मेहनत तेल काढण्यात आहे. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बड पांढरा निघेपर्यंत पुसत राहायचं. जुन्या पिस्तुलाच्या सांध्यांत मुरलेलं तेल थोड्या वेळाने पुन्हा वर येतं, म्हणून अर्धा तास थांबून आणखी एकदा पुसतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको: पुष्कळ ब्रँडमध्ये तेलकट अंश असतो, आणि ॲसिटोनचा थेंब प्लास्टिकच्या ग्रिपवर (मुठीवर) पडला तर ग्रिप कायमची खराब होते.

रंग म्हणून आमच्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात कुठेही मिळणारं नेलपॉलिश पुरतं, एक पांढरं आणि एक फ्लोरोसंट केशरी. फ्लोरोसंट रंग अर्धपारदर्शक असतो. थेट काळ्या पोलादावर लावला तर विटकरी, मळकट दिसतो. खाली पांढरा असला की उजळतो. टूथपिकच्या टोकावर जेमतेम थेंब घेऊन मधोमध टेकवायचा आणि खाली ओढायचा. पांढऱ्याचे दोन पातळ हात, वर केशरीचे दोन, प्रत्येक हातानंतर १५ मिनिटं. एकाच जाड थेंबात काम उरकलं तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि फायरिंगच्या धक्क्याने टवका उडतो.

नागपूरकरांनी एक सांभाळायचं: रंगवताना कूलर बंद. कूलरच्या दमट हवेत नेलपॉलिशवर पांढुरकी झाक येते, आणि तेल काढलेल्या पोलादावर गंजही लवकर चढतो. मे महिन्यात दुपारी रंग टूथपिकवरच तार धरतो, म्हणून सकाळी लवकर बसावं.

फोरसाईटची वरची कड कोरीच राहिली पाहिजे. निशाणा तिच्यावरच जुळतो. समजा दोन साईटमधलं अंतर १०० मिमी आहे आणि रंगाने फोरसाईट ०.१ मिमी उंच झाली, तर १० मीटरवर गोळी १ सेंटिमीटर खाली लागते. कडेवर रंग आलाच तर वाळल्यावर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने खरवडायचा, ब्लेडने नाही. ब्लेड ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) ओरबाडतं.

बॅकसाईटची ब्लूइंग घासून तिथे चकाकी आली असेल तर आपलं ऊन डोळ्यांत मारतं. मागच्या बाजूवर मॅट काळ्याचा एक पातळ हात द्यावा, पण खाचेच्या आत अजिबात नको, ती आधीच अरुंद आहे. खाच रुंद करायचा मोह होतो. तिथे कानस घरी लावू नये: आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती हे परवानाधारक गनस्मिथचं काम आहे. शिवाय घासलेलं पोलाद परत येत नाही, रंग मात्र कधीही काढता येतो.

चाळिशी लागली असेल तर नुसता रंग पुरत नाही. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो, फोरसाईट त्याच्या बरीच पुढे, हात लांब केल्यावर असते. डोळ्यापासून तिथपर्यंत टेपने अंतर मोजून चष्मेवाल्याला सांगा. नंबर बहुधा वाचायच्या चष्म्यापेक्षा कमी निघतो. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं, फोरसाईट धारदार दिसली पाहिजे.

रात्रभर वाळू दिल्यावर आजूबाजूच्या पोलादाला तेलाचा हलका हात द्यायचा. रेंजवर नेऊन १० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) घ्यायचा आणि आधीच्या ग्रुपशी ताडून बघायचा. बॅरल साफ करताना सॉल्व्हंट फोरसाईटवर येऊ देऊ नका, रंग लगेच मऊ पडतो.