तुम्ही विचारलंत म्हणून: भाताच्या दिवसांत भात

"दोन लहान मुलं, घरी बसून लिहायचं काम आणि वर गडकिल्ले. हे सगळं जमवता तरी कसं?"

लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाशी, कामाचा फोन संपता संपता, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यावं म्हणते.

मी पुण्यात राहते. संस्थांच्या आरोग्याच्या आणि शेतीच्या पुस्तिका मराठीत आणते, दिवाळी अंकांना लेख देते. नोकरी सोडून बारा वर्षं झाली. लेक सहा वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. नवरा कंपनीत, सासूबाई आमच्याजवळ. त्या नसत्या तर हे उत्तर फार वेगळं झालं असतं, हे आधीच सांगते.

बरीच वर्षं मी रोजचा दिवस तीन भागांत कापायचा प्रयत्न करत होते. पहाटे लिहायचं, दुपारी मुलगी, रविवारी सिंहगड. आतकरवाडीची वाट चढताना अर्धा लेख डोक्यात घोळत असायचा आणि लिहायला बसलं की लेकीचा आवाज भिंतीपलीकडून ओढायचा. एकही गोष्ट मनासारखी होत नव्हती. मी दमत होते, आणि घरातले सगळे मला दमलेलं बघून दमत होते.

गेल्या डिसेंबरात आम्ही हरिश्चंद्रगडाला गेलो. पायथ्याच्या पाचनई गावाच्या बाजूने, कारण मुलांना घेऊन जायला तीच वाट त्यातल्या त्यात सोपी. आदल्या रात्री गावात एका मावशींकडे मुक्काम होता. मला एका पुस्तिकेची तपासलेली प्रुफं पाठवायची राहिली होती आणि घरात रेंज नव्हती. म्हणून मी अंगणापलीकडच्या खडकावर फोन उंच धरून उभी. पाठवून परत आले तर मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि माझा धाकटा त्यांच्या पायाशी पिठात हात घालून बसला होता. त्यांची भातशेती, दोन म्हशी, सुट्टीच्या दिवशी पंधरा-वीस पाव्हणे जेवायला, सांभाळायला दोन नातवंडं. मी त्यांना तोच प्रश्न विचारला, लोक मला विचारतात तो. हे सगळं कसं जमवता?

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "समदं रोज कोण करतंय बाय? भाताच्या दिसांत भात. पाव्हणं दिवाळी झाल्याव."

एवढंच. भाकरी उलटली, मग निखाऱ्यावर टेकवून फुगवली. मी मात्र रात्रभर त्याच वाक्यापाशी होते. मी दिवस कापत बसले होते, आणि या बाईंनी वर्ष वाटून घेतलं होतं.

आता माझं वर्ष असं आहे. पाऊस सुरू झाला की काम. दिवाळी अंकांचे लेख जुलै-ऑगस्टमध्ये द्यावे लागतात, आणि तेव्हा कातळावर शेवाळ असतं, ओढे भरलेले असतात. लेकरांना घेऊन मी तेव्हा डोंगरात जात नाही. त्या तीन महिन्यांत लेकीला मी कमी मिळते. गोष्ट आजी सांगते, डबा बाबा भरतो. एकदा तिने विचारलं, "आई, तुझं भात कधी संपणार?" ते मला लागलं, अजूनही लागतं. पण तारीख सांगता येते, आणि दिलेली तारीख मी मोडत नाही. दसरा झाला की बूट निघतात. जानेवारीपर्यंत छोटीच कामं घ्यायची. यापायी डिसेंबरातलं एक मोठं काम सोडलं, ते गिऱ्हाईक परत आलं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये संस्थांचं वर्ष संपत असतं, तेव्हा पुन्हा मान खाली. मे महिना मुलांचा, माझ्या माहेरी चिपळूणला.

पैशाचं बोललं पाहिजे, कारण विचारणाऱ्यांच्या मनात अर्धा प्रश्न तोच असतो. नोकरदार बाईला २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा १२ ऐवजी २६ आठवडे झाली. माझ्यासारखीला रजा देणारं कुणी नाही. धाकट्याच्या वेळी मी दोन वर्षं आधीपासून बाजूला टाकत गेले आणि सहा महिन्यांचा घरखर्च जमल्यावरच श्वास सोडला. एका संस्थेने तर माझे पैसे आठ महिने अडकवले होते. तेव्हापासून नव्या माणसाकडून अर्धी रक्कम आधी घेते आणि मागताना संकोच करत नाही. मानधनातून आयकरापोटी १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर त्यातलं जे परत येतं, ते घरात 'डोंगराचे पैसे' म्हणून वेगळं राहतं. बूट, पाठपिशव्या, पाचनईचं गाडीभाडं, सगळं त्यातून.

आणि डोंगरही बदललाय. लग्नाआधी मी याच गडाच्या कोकणकड्यावर खालच्या बेलपाड्याहून, नळीच्या अवघड वाटेने चढले होते. ती वाट आता माझी नाही, निदान काही वर्षं तरी. पाचनईहून मोठ्या माणसाला जिथे अडीच तास लागतात, तिथे आम्हाला पाच लागले. जुन्या सुती साडीच्या झोळीत धाकटा माझ्या पोटाशी होता. कड्याच्या पोटाखालून वाट जाते, तिथे डोक्यावर खडक छपरासारखा पुढे आलेला. लेक तिथे थांबली. खडकातून थेंब गळत होता. तिने तळहात धरला, थेंब पडायची वाट पाहिली, पडला की पुसला, पुन्हा धरला. चौदा थेंब मोजले तिने. पूर्वी मी तिथून दहा-बारा वेळा गेले असेन, तो थेंब मला माहीत नव्हता.

संध्याकाळी कोकणकड्यावर तिला पालथं झोपवून, घोटे घट्ट धरून खाली पाहू दिलं. खूप खाली बेलपाड्याची घरं. "तू तिथून आलीस?" तिने विचारलं. हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. याच गडावर चांगदेवांनी ग्रंथ लिहिला असं सांगतात. मी मात्र तिथे एक अक्षरही लिहिलं नाही. ठरवूनच.

आत्ता जुलै आहे. बाहेर तीन दिवसांची झड, टेबलावर दोन लेख अर्धे. बूट माळ्यावर आहेत, बुरशी धरू नये म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. काल लेक दारात येऊन उभी राहिली.

"बूट कधी काढायचे?"

"दसरा झाल्यावर."

"तोपर्यंत माझा पाय मोठा होईल."

होईलच. तिला नवे घ्यावे लागतील. जुने पुसून, नवे बोळे घालून परत माळ्यावर ठेवीन. धाकट्याला ते अजून तीन-चार हिवाळ्यांनी येतील.