शेड अपडेट ३: काळे ओघळ आणि स्टेनलेसचे खिळे

तर मंडळी, पश्चिमेची भिंत परत उकलायला काढलीये.

गेल्या सप्टेंबरात सिएटलच्या आमच्या बॅकयार्डातल्या शेडला रेड सीडर लाकडाची बेव्हल सायडिंग (एका कडेला पातळ असलेल्या, एकावर एक चढवून बाहेरून मारायच्या फळ्या) मारली होती, दिसायला एकदम झकास, पण घाईघाईत नेल गनमध्ये जे उरलेले इलेक्ट्रो-गॅल्व्हनाइज्ड (विजेने जस्ताचा थर चढवलेले लोखंडी) खिळे होते तेच ठोकून मोकळा झालो. इथला पाऊस ऑक्टोबरला लागला की थांबायचं नाव घेत नाही, मार्चपर्यंत प्रत्येक खिळ्याखाली काजळ ओघळल्यासारखा निळाकाळा पट्टा! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अरे, केळफूल चिरल्यावर विळी काळी पडते ना, तसंच दिसतंय हे." आणि खरंच भानगड तीच आहे. सीडरमध्ये टॅनिनसारखी द्रव्यं असतात, ओलाव्यात त्यांची लोखंडाशी गाठ पडली की काळं होणारच, हिरड्याची शाई पण अशीच व्हायची. इलेक्ट्रोवाल्यांवर जस्ताचा थर अगदीच पातळ. हॉट-डिपवाले वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात त्यामुळे थर जाड, वरून रंग मारणार असाल तर ते बिनधास्त वापरा. मला मात्र लाकूड उघडं ठेवायचंय, नुसतं क्लिअर ऑइल, म्हणून स्टेनलेसच.

३०४ ग्रेड, रिंग शँक (दांड्यावर कड्या असलेले), २ इंची. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ते बरं, पण आम्ही काय समुद्राला लागून नाही. डबा आल्याआल्या मॅग्नेट लावून बघितला तर खिळा हलकासा चिकटला, ३०४ सहसा चिकटत नाही, म्हटलं गंडवलं! मग वाचलं की तार थंडच ओढून खिळा बनवतात त्यात ३०४ थोडं चुंबकीय होतं. उगाच भांडायला निघालो होतो.

ठोकायला मात्र हे नाजूक प्रकरण, घाव जरा तिरका पडला की वाकलाच, पहिल्या दिवशी १४ खिळे वाया गेले. फळीच्या टोकाजवळ आधी ड्रिलने भोक पाडतोय, नाहीतर तडकते. फळी नावाला ६ इंची (मोजली की साडेपाच भरते), ओव्हरलॅप १ इंच, आणि खिळा खालच्या फळीच्या वरच्या कडेपासून एक सूत (१/८ इंच) वर, म्हणजे तो दोन फळ्यांतून जात नाही. मागच्या वेळी मी दोन्हीतून आरपार मारले होते, फळ्यांना फुगायला-आकसायला वावच नाही, तीन फळ्या मधोमध चिरल्या. आणि डोकं फळीच्या बरोबरीला आलं की थांबायचं, आत घुसवलं तर तिथेच पाणी साठतं.

जुने डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने धुतले, ग्लोव्हज घालून. ओघळ गेले, भोकांभोवतीची काळी टिकली काही हटत नाहीये.

आत्तापर्यंत ११ ओळी झाल्या, ९ बाकी. त्या टिकल्यांवर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा, सँडिंग सोडून, हात आधीच भरून आलेत.