एका चुलीवर

तेवीस वर्षांच्या वकिलीत माझ्या मसुद्यावर लाल पेन चालवणाऱ्या त्या पहिल्याच पक्षकार. विलमध्ये टायपिस्टनं 'स्थीर बुद्धीने' लिहिलं होतं, तिथली वेलांटी आधी ऱ्हस्व केली. मग तिसऱ्या पानावरच्या 'माझी मैत्रीण व माझा सांभाळ करणारी' या शब्दांवर आडवी रेघ मारली.

"वकीलसाहेब, ही काय केअरटेकर आहे का?"

शेजारच्या खुर्चीवरच्या बाई पिशवीतून पाण्याची बाटली काढत होत्या. "असते तर इतक्या वर्षांचा पगार थकलाय म्हणावं," त्या म्हणाल्या.

नावं सांगत नाही. एक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, वय ६३. दुसऱ्या पोस्टातून, वय ६१. १९९७ पासून कोथरूडला एकाच फ्लॅटमध्ये. फ्लॅट शाळेच्या बाईंच्या नावावर, कारण कर्ज त्यांच्या पगारावर मिळालं. हप्ते दोघींनी भरले. सोसायटीत त्या 'बहिणी' आहेत. आडनावं वेगळी असूनही कुणी खोलात गेलं नाही. पेठेत असत्या तर पहिल्या आठवड्यातच विचारलं असतं.

समलिंगी विवाहावरचा सुप्रीम कोर्टाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल दोघींनी मोबाइलवर थेट ऐकला होता. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. सिव्हिल युनियन, म्हणजे लग्न न म्हणता सरकारदरबारी नोंदवलेलं सहजीवन, यावर मात्र तीन विरुद्ध दोन. बाजूनं चंद्रचूड आणि कौल. भट, कोहली, नरसिंहा विरोधात. "आपल्या कनेरसरचे चंद्रचूड आपल्या बाजूनं होते," हे पोस्टातल्या बाईंनी मला दोनदा ऐकवलं. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या आणि पंधरवड्यात दोघी माझ्याकडे आल्या. कायदा होईपर्यंत थांबायचं आता वय नाही, जे कागद होतील ते करून द्या, म्हणाल्या.

त्यांना खरं तर अर्ध्या फ्लॅटचं बक्षीसपत्र करायचं होतं. मी आकडेमोड करून दाखवली. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलाला, मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. यांच्यासाठी अर्ध्या हिश्शाच्या ४० लाखांवर ५ टक्के, म्हणजे २ लाख, वर शहराचे अधिभार. शिवाय आयकर खातं ते ४० लाख पोस्टातल्या बाईंचं उत्पन्न धरणार, कारण जोडीदाराला मिळणारी सूट 'मैत्रिणी'ला नाही. तोच फ्लॅट, त्याच दोघी, आणि नुसत्या नात्याच्या रकान्यामुळे २०० रुपयांचे इतके लाख होतात. पोस्टातल्या बाईंनी हिशेब तपासला, एक बेरीज दुरुस्त केली आणि म्हणाल्या, "विलच करा."

विलला मुद्रांक लागत नाही, नोंदणी फी १०० रुपये. पण विल केलं नाही, तर अविवाहित बाईचं घर आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जातं. म्हणजे इथे साताऱ्याच्या भावाकडे. म्हणूनच भावाला का डावललं हा परिच्छेद पक्का लागतो. तो कच्चा राहिला की उद्या कोर्टात समोरचा वकील तिथेच बोट घालतो.

दवाखान्याचं तर अजून वाईट. आदल्या वर्षी शाळेच्या बाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी पोस्टातल्या बाईंनी फॉर्मवर 'बहीण' लिहिलं होतं. कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवू का, म्हणून शाळेच्या बाईंनी विचारलं. देणारी बेशुद्ध झाली की ते लंगडं पडतं, हे मला सांगावं लागलं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात मात्र आपला प्रतिनिधी म्हणून कुठलाही सज्ञान माणूस नेमता येतो, नातं आड येत नाही.

"म्हणजे डोकं फिरलं तरच ही माझी!" शाळेच्या बाई म्हणाल्या. मला हसू आवरेना.

मग मी रेशनकार्डाचं सांगितलं. २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलंय, की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरा. (जॉइंट खात्याचंही परिपत्रक तेव्हाच निघालं, पण ते खातं आधीही कुणालाही काढता येत होतंच.) शाळेच्या बाईंनी मान वर केली. "एकच कुटुंब, म्हणजे एक चूल?" आणि खोडलेल्या ओळीच्या वर लाल शाईत लिहिलं: 'सन १९९७ पासून आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर राहत आहोत. आमचा संसार एक आहे.' दिवाणी कोर्टाला ही भाषा माझ्यापेक्षा जुनी ओळखीची. वाटणीच्या दाव्यात चूल एक की विभक्त, हेच तर आधी विचारतात. मी एक काना हलवला नाही.

साक्षीदार म्हणून मी भावालाच बोलवायला सांगितलं. उद्या जो भांडेल त्याची सही आजच कागदावर असलेली बरी, हा आमच्या धंद्यातला जुना डाव. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. नोंदणीच्या दिवशी साडेदहाला तो निबंधक कार्यालयाच्या पायरीवर उभा होता, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. आत सर्व्हर बंद. दोन तास आम्ही समोरच्या अमृततुल्यमध्ये बसलो. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, तरी त्यानं कागद मागितला. शाळेच्या बाईंनी दिला.

त्यानं तिसरं पान दोनदा वाचलं. "ताई, चूल कसली? तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे."

"तू सही कर."

सर्व्हर सुरू झाला. फोटो, अंगठे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं. भावानं सही केली, आणि बाहेर येताना मला बाजूला घेऊन विचारलं, "पण ह्या बाई आधी गेल्या तर?" अठ्ठावीस वर्षं तो त्यांना 'बाई'च म्हणतो, वहिनी म्हणता येईना, ताई म्हणवेना.

मी म्हटलं, त्यांचं विल वेगळं करायचंय, पुढच्या मंगळवारी. मजकूर हाच, नावं उलटी.

"मग त्याला साक्षीदार कोण?"

"त्यांचा भाचा कॅनडात आहे. बघतोय कुणी मिळतं का."

त्यानं उरलेला पेढा तोंडात टाकला, पुड्याचा दोरा खिशात घातला आणि पोस्टातल्या बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, मंगळवारी किती वाजता येऊ?"