ईआरपीनेक्स्टवरचा कागदी प्रेसशॉप: पत्रा, ब्रॅकेट आणि जॉबवर्क

सद्यस्थिती: भोसरीतल्या काल्पनिक प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून-दाबून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, पत्रा आला, 500 ब्रॅकेट झाले, प्लेटिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) जाऊन आले आणि चाकणच्या ग्राहकाला 200 नग गेले. कारखाना खोटा, हिशोब मात्र पैशापर्यंत जुळवलेला. ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी ही नोंद आहे.

पुण्यात सॅपच्या (मोठ्या कंपन्यांत चालणारं ईआरपी) क्लासेसना तोटा नाही. अडचण अशी की क्लास संपला की सराव करायला सिस्टिम हातात राहत नाही. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, मुक्त स्रोत, घरच्या लॅपटॉपवर चालणारं. एकाच वस्तूची साखळी इथे खरेदीपासून विक्रीपर्यंत नेली आणि प्रत्येक सबमिटनंतर दोन्ही लेजर (स्टॉकचं आणि अकाउंटिंगचं) उघडून पाहिले, की सॅप किंवा ओडूसारखं दुसरं ईआरपी समोर आलं तरी बुजायला होत नाही. नुसते स्क्रीन पाठ करून काही हाती लागत नाही.

बसवणं

8 जीबी रॅम, डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन), आणि फ्रॅपेच्या डॉकर रिपॉझिटरीतली 'पीडब्ल्यूडी' नावाची कंपोज फाइल (कोणते कंटेनर उठवायचे त्याची यादी) एवढं पुरतं. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) सुरू करावं. कंटेनर उठले म्हणजे काम झालं असं नाही. 'क्रिएट-साइट'चं काम मागे काही मिनिटं चालू असतं. ते संपायच्या आत लोकलहोस्ट 8080 उघडलं तर एरर दिसते आणि लोक सगळं पुसून पुन्हा बसवायला लागतात. लॉग बघत थांबा. लॉगिन 'ॲडमिनिस्ट्रेटर', पासवर्ड 'ॲडमिन'. बंद करताना 'डाउन' कमांडला '-व्ही' जोडलात तर डेटा साठवणारे व्हॉल्यूम जातात, म्हणजे सगळा डेटा गेला.

सेटअपमध्ये कंपनीचं लघुनाव विचारतात. ते प्रत्येक गोडाऊनच्या आणि खात्याच्या नावामागे चिकटतं, तेव्हा दोन-तीन अक्षरांचंच ठेवा. आर्थिक वर्ष 1 एप्रिलपासून.

जीएसटीसाठी 'इंडिया कंप्लायन्स' हे वेगळं ॲप लागतं आणि ते या डॉकर इमेजमध्ये नसतं. सुरुवातीला ते नसलेलंच बरं. जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर गणिताने ठरतं, त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक ते ॲप परत पाठवतं आणि नवशिका तिथेच अडकतो. सरावाला करांची दोन टेम्प्लेट हाताने बनवा: राज्यात 9 अधिक 9 टक्के (केंद्राचा आणि राज्याचा), राज्याबाहेर 18.

आयटम: इथे घाई नको

कच्चा माल: 3 मिमी एचआर (हॉट रोल्ड) पोलादी पत्रा, 2500 × 1250 मिमी. घनता 7.85 ग्रॅम प्रति घनसेंमी धरली की एका पत्र्याचं वजन 73.6 किलो येतं. गाडीतून उतरवताना पत्रे नगावर मोजतात, बिल मात्र काट्यावरच्या किलोवर होतं. म्हणून स्टॉकचं एकक किलोच हवं. 'नग' ठेवलं तर त्या एककाला पूर्णांकाची अट असते आणि अर्धा पत्रा इश्यू करता येत नाही. एकदा व्यवहार झाला की सिस्टिम मूळ एकक बदलू देत नाही. नवा आयटम काढावा लागतो.

ब्रॅकेटचा ब्लँक, म्हणजे पत्र्यातून कापलेला तुकडा, 100 × 50 मिमी. निव्वळ वजन 0.118 किलो, कडा आणि कापणी धरून 0.125.

खरेदी

पीओ (पर्चेस ऑर्डर) दहा पत्र्यांचा, 736 किलोचा, दर 60. जीआरएन (माल आल्याची नोंद), म्हणजे इथली 'पर्चेस रिसीट', सबमिट केल्यावर अकाउंटिंग लेजर उघडा: स्टॉक खात्याला 44,160 नावे, 'स्टॉक रिसीव्ह्ड बट नॉट बिल्ड' खात्याला तेवढेच जमा. पुरवठादाराचं नाव अजून कुठेच नाही. बिल टाकल्यावर मधलं खातं शून्य होतं आणि देणं पुरवठादाराच्या नावावर चढतं. सॅपमध्ये हेच जीआर/आयआर खातं. तिथे जीआरएन 'मिगो' नावाच्या स्क्रीनमधून होते आणि बिल 'मिरो'मधून.

बिल जीआरएनवरूनच बनवा. कोरं बिल उघडून टाकलं तर जीआरएन 'टू बिल'वरच राहते, मग कोणीतरी तिच्यावरून दुसरं बिल काढतं आणि देणं दुप्पट होतं. अकाउंट्स सेटिंग्जमध्ये पुरवठादाराचा बिल नंबर पुन्हा आला तर अडवायची खूण आहे, ती आधीच लावा.

बीओएम आणि वर्क ऑर्डर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बीओएम (बिल ऑफ मटेरियल्स: वस्तूला किती माल आणि काय काम लागतं त्याची यादी) 100 नगांचा केला: पत्रा 12.5 किलो, प्रेस ऑपरेशन 50 मिनिटं, मशीनचा तासाचा दर 300. माल 750, मशीन 250, एकूण 1,000. नगाला 10 रुपये.

ऑपरेशनची वेळ बीओएमच्या एकूण नगांसाठी लिहायची असते. एका नगाला अर्धा मिनिट लागतो म्हणून तिथे 0.5 लिहिलं, तर 100 नगांचा मशीनखर्च अडीच रुपये निघतो आणि नग साडेसात रुपयांत पडल्यासारखा दिसतो. एरर येत नाही, लाल काही दिसत नाही. कोटेशन द्यायची वेळ आली की कळतं.

500 ची वर्क ऑर्डर (उत्पादनाचा आदेश): 62.5 किलो स्टोअरमधून डब्ल्यूआयपीत (अर्धवट कामाच्या गोडाऊनमध्ये), जॉब कार्ड (मशीनवरच्या कामाची नोंद) पूर्ण, मग 'फिनिश'. तयार मालात 500 नग, 5,000 रुपये. स्टोअरला 673.5 किलो उरायला हवेत. तसे नसतील तर पुढे जाऊ नका.

साठा नाही म्हणून एंट्री अडली की 'अलाऊ निगेटिव्ह स्टॉक'वर टिक करायचा मोह होतो. करू नका. माल आधी वापरायचा आणि जीआरएन मागच्या तारखेने टाकायची असं केलं की सिस्टिम त्या तारखेपासून पुढच्या किमती पुन्हा मोजते, आणि काल 10 रुपयांचा असलेला ब्रॅकेट आज वेगळ्याच दराने दिसतो.

प्लेटिंग

जॉबवर्क, म्हणजे आपला माल बाहेर देऊन त्यावर काम करून घेणं, आलं नाही तर भोसरी-चाकणच्या कारखान्यात ईआरपी आलं असं म्हणता येत नाही. आवृत्ती 14 पासून रीत बदलली आहे, जुने व्हिडिओ बघून गोंधळ होतो.

प्लेटिंग झालेला ब्रॅकेट हा वेगळा आयटम. त्याला 'सबकॉन्ट्रॅक्टेड' खूण आणि स्वतःचा बीओएम: एक साधा ब्रॅकेट. 'झिंक प्लेटिंग चार्जेस' हा तिसरा आयटम, स्टॉक न ठेवणारा. पीओ या चार्जेसचा, 500 नग, दर 1.20; त्याच ओळीत तयार माल कोणता ते सांगायचं. त्यावरून सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर, तिच्यावरून माल प्लेटरच्या नावाच्या गोडाऊनला, आणि परत आल्यावर सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट.

488 परत आले. दर नगाला 11.20: ब्रॅकेटचे 10 आणि प्लेटिंगचे 1.20. प्लेटरच्या गोडाऊनमध्ये 12 साधे नग दिसतात, आणि दिसायलाच हवेत. सीजीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवलेल्या तारखेपासून तो पुरवठा, म्हणजे जणू विक्रीच, धरला जातो. हे सगळं टाळून साधी 'मटेरियल ट्रान्सफर' करणारे पुष्कळ. त्यांचा प्लेटिंगचा खर्च मालाच्या किमतीत कधी येतच नाही.

विक्री

सोपी आहे. 200 नग, दर 16: 3,200 अधिक 288 अधिक 288. तामिळनाडूतल्या होसूरचा ग्राहक असता तर कराची एकच ओळ, 576. डिलिव्हरी नोट (माल पाठवल्याची नोंद) झाली की विकलेल्या मालाच्या खर्चात 2,240 नावे पडतात; बिलाची वाट पाहत नाहीत.

बाकी काम

बीओएममध्ये भंगार धरलेलं नाही. नगामागे 7 ग्रॅम, 500 ला साडेतीन किलो. 30 रुपये किलोने 105 वजा जाऊन नग 9.79 ला पडेल. सबमिट केलेला बीओएम बदलता येत नाही, म्हणून पुढची आवृत्ती काढायची आणि तिच्यावर 'डिफॉल्ट' खूण करायची. ती राहिली तर नवी वर्क ऑर्डर जुनाच बीओएम उचलते.