मेथी निवडायची कुणी?

आमच्या दवाखान्यात पीतबिंदूची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज झालेल्या प्रत्येक पेशंटला एक छापील कागद मिळतो. हिरव्या पालेभाज्या खा, तंबाखू सोडा, बीपी सांभाळा, चौकटीच्या कागदावर एकेक डोळा झाकून रेघा वाकड्या दिसतात का ते बघत जा. यातलं काहीच चूक नाही. तरी गेल्या पावसाळ्यात एका आजींनी त्या कागदातली पहिलीच ओळ अशी उलटीपालटी केली, की तेव्हापासून तो कुणाच्या हातात ठेवताना मी अडखळते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी; लो व्हिजन बघते, म्हणजे उरलेली नजर कशी वापरायची ते शिकवते. माझ्याकडे माणसं येतात ती इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही, नंबर बदलून उपयोग नाही, हे सगळं ऐकून झाल्यावर. या आजी सोलापूरच्या, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. कोरड्या प्रकारची झीज, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलेला. मुलगा सारखा म्हणत होता, “आई, मॅडमकडं बघ की.” आजी माझ्या कानाकडे बघत होत्या, कारण कानाकडे बघितलं तरच त्यांना माझा चेहरा दिसत होता. ही कडेची नजर वापरायला मला लोकांना आठवडेच्या आठवडे शिकवावं लागतं. आजींनी ती आपली आपण शोधली होती, आणि घरचे ती मोडायला निघाले होते.

मुलाने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. असल्या गोळ्यांमागे अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे, त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे निकाल 2013 मध्ये आले: ल्यूटीन 10 मिलिग्रॅम, झिअॅक्झँथिन 2, शिवाय झिंक, तांबं, क आणि ई जीवनसत्त्व. झीज मधल्या टप्प्यावर असेल तर ती पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत साधारण 25 टक्क्यांनी कमी होतो. गेलेली नजर परत येत नाही. दोन्ही डोळ्यांचा मध्यच गेल्यावर त्या बाटलीकडून फार आशा धरू नये, हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गाजराचा रस मात्र सगळ्यांनी सांगितला होता. गाजर खावं, छान असतं, पण पीतबिंदूत साठणारं पिवळं द्रव्य मिळतं ते मेथी-पालक-राजगिऱ्यातून, मक्यातून, अंड्याच्या बलकातून. तेही फोडणीच्या तेलासोबत नीट अंगी लागतं.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, “आजी, काल काय जेवलात?”

“चहा. टोस्ट. रात्री भात.”

“आणि भाजी?”

सुनेने मान खाली घातली. आजीच बोलल्या. विहीणबाई जेवायला आल्या होत्या आणि त्यांच्या पानातल्या मेथीत अळी निघाली. भाजी आजींनी निवडली होती. कुणी काही बोललं नाही, म्हणे. तेच जास्त लागलं. त्यानंतर सुनेने विळी माळ्यावर टाकली आणि आजींनी पालेभाजी सोडली. दुसऱ्याने निवडलेली खात नाहीत, आपण निवडवत नाही.

हिरव्या पानावर हिरवी अळी चांगल्या डोळ्यांनाही चकवते. पीतबिंदू गेला की बारीक तपशील जातोच, पण फिक्या रंगांतला फरक त्याआधीच पुसट होत जातो. चकचकीत ताटात पांढरा भात आणि वर दही वाढलं तर आजींना ते रिकाम्या ताटासारखंच. त्याला गडद रंगाची ताटली हा सोपा उपाय आहे. मेथीला काय करणार?

दवाखान्याबाहेरच्या भाजीवालीकडून जुडी मागवली. टेबलावर पांढरा कागद, दिवा खांद्यामागून. मी शिकवायला लागले तर आजी म्हणाल्या, “बाई, मी चाळीस वर्सं विड्या वळल्या.” तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, चिरलेलं, भोकाचं पान बाजूला टाकायचं, हे सगळं टीव्ही बघत, बोटांनी. (स्वतः कधी ओढली नाही, हे न विचारताच सांगितलं.) त्यांनी डोळे मिटले आणि जुडी सोडली. पिवळं पान लिबलिबीत लागतं, गवताची पात खरखरते, मेथीची तीन पानं एका देठावर येतात. गवत एकही राहिलं नाही. निवडलेली पानं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की अळ्या बहुतेक सुटतात, एवढीच माझी भर.

विळी खाली आली. आठवड्यातून दोन-तीनदा आजी पालेभाजी खातात, मुलाने फोनवर सांगितलं. डोळ्यांत फरक नाही, पडायचाही नव्हता. पोट साफ होतं आणि चहा-टोस्ट सुटला.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पाहुणे असले की नातीने शेवटची नजर टाकावी, हे मीच सुचवलं होतं. सुनेला पटलं. आजी म्हणतात, तपासणी करायचीच तर मग मला निवडायला देऊच नका. पाहुणे आले की त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात फिरकत नाहीत. सून विचारते, अळी गेली पोटात तर चालेल का मॅडम? तिचंही खरं आहे. पुढच्या तपासणीला दोघी येणार आहेत, आणि दोघींना काय सांगायचं ते माझं अजून ठरत नाही.