ट्रॅपीझच्या चार तारा : जुन्या होबीवर नव्याने बसवताना

होबी १६ ही कॅटामरान, म्हणजे दोन सडपातळ होड्या जोडून केलेली शिडाची बोट, जेमतेम १४५ किलोची. आम्ही दोघं तिच्यावर चढलो की आमचं वजन जवळजवळ तिच्याइतकंच होतं. त्यामुळे ही बोट उभी ठेवायचं काम निम्म्याहून जास्त माणसाच्या शरीराचं असतं. वारा चढला की कमरेच्या हार्नेसचा हुक तारेच्या रिंगेत अडकवायचा, पाय बोटीच्या कडेवर रोवायचे आणि अख्खं अंग बाहेर पाण्यावर झोकून द्यायचं. यालाच ट्रॅपीझ म्हणतात. अशा तारा चार: डावीकडे दोन, उजवीकडे दोन. प्रत्येक बाजूला पुढची तार पुढच्या शिडाकडे बघणाऱ्याची, मागची सुकाणू धरणाऱ्याची.

मी आणि माझ्या मावसभावाने मिळून दोना पावलाला एक जुनी होबी घेतली. हल (त्या दोन जोडहोड्या) ठीक होते, शिडं फिकी पडलेली पण धड होती. तारांबद्दल मात्र विकणाऱ्याने काहीच सांगितलं नाही, आणि आम्हीही तोंडी हमीवर विसंबणार नव्हतो. क्लबात नौदलातून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांनी चष्मा वर सरकवून खिशातला सुती रुमाल काढला, तारेवर गुंडाळला आणि वरून खाली ओढत आणला. तीन ठिकाणी रुमालाचे धागे अडकले.

"हाताने चाचपायचं नाही हं, हाताचं बोट फाटेल," ते म्हणाले. "आणि तार तुटते ती मधे नाही, टोकाला. तिथलं ते टेप काढ आधी."

टेप काढल्यावर खाली तांबूस चिकचिक होती. स्टेनलेसला गंज लागत नाही हा समज समुद्रावर टिकत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचा बारीक संरक्षक थर हवेतल्या ऑक्सिजनवर जगतो. टेपखाली खारं पाणी कोंडून राहिलं की तो थर मरतो आणि गंज आतून खायला लागतो. तेव्हापासून मी तारांच्या जोडावर टेप गुंडाळत नाही. टोचणारी पिन झाकण्यापुरता एखादा वेढा, बस.

चारही तारा बदलायच्या ठरल्या. तयार संच परदेशातून मागवता येतो, पण त्यावरचा खर्च आणि वाट पाहणं दोन्ही नको होतं. मावसभाऊ मुंबईला जाणारच होता, त्याला नागदेवी स्ट्रीटला पाठवलं. हवी होती ३१६ स्टेनलेसची, अडीच मिलिमीटरची, एकोणीस सलग काड्यांची तार. तिला बाजारात १×१९ म्हणतात. ती ताठ असते आणि वजन घेतल्यावर फारशी ताणत नाही. दुकानात लगेच समोर येते ती ७×१९. ती मऊ, कप्पीवरून छान वळते, म्हणून खपते. पण तिच्या काड्या केसासारख्या बारीक, आणि ट्रॅपीझला वळायचं नसतंच कुठे. लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायची युक्तीही फारशी कामाची नाही. तार ओढून बारीक करताना चांगलं स्टेनलेसही चुंबकाला थोडं लागू शकतं. शेवटी दर्जाचा कागद दाखवणाऱ्या दुकानातून त्याने तार घेतली, सोबत थिंबल (तारेच्या फाशात बसणारी खाचेची कडी) आणि फासाचं टोक दाबून पक्कं करायच्या तांब्याच्या लंबगोल नळ्या. ॲल्युमिनियमच्या नळ्या स्वस्त मिळतात, पण खाऱ्या पाण्यात स्टेनलेसशी जोडी जमली की ॲल्युमिनियम झिजत जातं.

या जाडीची तार तुटायला सुमारे पाचशे किलोचा ताण लागतो. माणूस सत्तर-ऐंशी किलोचा, मग एवढं कशाला, असं मावसभावाने विचारलं. तार सरळ खाली येत नाही, तिरकी येते, म्हणून ताण वजनापेक्षा जास्तच भरतो. त्यात लाटेवर बोट आपटली की हिसका बसतो. आणि नळी नीट दाबलेली नसेल तर तारेची ताकद कागदावरच राहते. दाबायची पक्कड आम्ही भाड्याने आणली, सोबत मापाची पट्टीही. दाबलेली नळी पट्टीच्या खाचेत बसली तरच ती पास. ताठ तार थिंबलभोवती वळवताना मात्र दोघांच्या चार हातांनाही ती जुमानत नव्हती; सुटली की सटकन सरळ व्हायची. शेवटी व्हाइसमध्ये थिंबलसकट पकडली तेव्हा ऐकलं. नळीच्या तोंडातून तारेचं टोक जरासं बाहेर ठेवायचं, कारण दाबल्यावर नळी लांबते आणि टोक आत गडप होऊ शकतं. लांबी जुन्या तारेवरून घेतली नाही. फळीवर दोन खिळे ठोकले आणि चारही तारा त्याच अंतरावर बनवल्या, म्हणजे डावी-उजवी सारखी आली.

डोलकाठी आडवी, दोन स्टुलांवर. होबीची एक गंमत म्हणा किंवा धास्ती म्हणा, काठीला पुढून धरणारी तार म्हणजे फोरस्टे, दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा म्हणजे श्राउड आणि चार ट्रॅपीझ तारा हे सगळं वर एकाच मोठ्या शॅकलमध्ये (पिनेने बंद होणाऱ्या कडीत) येतं. आम्ही मधे फोरस्टे, तिच्या दोन्ही अंगांना श्राउड आणि त्यांच्याही बाहेर ट्रॅपीझ असा क्रम लावला, म्हणजे काही एकमेकांवरून चढत नाही. पिन पान्याने आवळली आणि तिच्या भोकातून बारीक तार ओवून शॅकलच्या अंगाला पिळून बांधली. ही डोलकाठी फिरती असते, प्रत्येक वळणाला शॅकल हलतो, आणि हलता हलता पिनेचे आटे सुटू शकतात. ट्रॅपीझची तार तुटली तर एक माणूस पाण्यात पडतो. ही पिन सुटली तर डोलकाठीच डोक्यावर येते. आणि काठी एकदा उभी केली की इतक्या वर कुणी बघायला जात नाही.

उभी करण्याआधी चारही तारा काठीच्या बुंध्याशी बंजीने (इलॅस्टिक दोरीने) बांधल्या, नाहीतर त्या वाऱ्यावर सुटून कुणाच्या तरी तोंडावर येतात. आठ मीटरची ॲल्युमिनियमची काठी आहे, तेव्हा वर विजेच्या तारा नाहीत ना हे पाहणं आलंच. किनाऱ्यावर माडांच्या आडून गेलेल्या वाहिन्या पटकन दिसत नाहीत.

इथपर्यंत सगळं ताकदीचं काम. माझ्या मते खरा कस याच्यापुढे लागतो. ज्या तारेवर माणूस लटकलेला असतो ती आपोआप ताणलेली आणि जागच्या जागी असते. त्रास देते ती पलीकडची, रिकामी तार. ती शिडाला घासते, पुढच्या शिडाच्या दोरीत गुंतते, वळताना ट्रॅम्पोलीनवरून (दोन हलांमधल्या ताणलेल्या कापडावरून) सरपटत पलीकडे गेलं की गळ्याशी येते. तिला आवरते ती एक साधी इलॅस्टिक दोरी.

ही बंजी एका टोकाला डाव्या रिंगेखाली बांधलेली असते. तिथून ट्रॅम्पोलीनच्या कडेच्या भोकातून खाली उतरते, ट्रॅम्पोलीनखालून आडवी जाते आणि पलीकडच्या भोकातून वर येऊन उजव्या रिंगेला मिळते. पुढच्या जोडीला एक, मागच्या जोडीला एक. वाऱ्याच्या बाजूचा माणूस बाहेर झुकला की तो आपल्याबरोबर बंजी ओढतो, आणि त्या ओढीनेच पलीकडची रिकामी रिंग ट्रॅम्पोलीनला घट्ट चिकटते. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ती आवळली जाते. कुणाच्या डोक्यातून हे निघालं माहीत नाही, पण त्याला माझा नमस्कार.

ताण किती द्यायचा हे मात्र बोटीवर बसूनच कळतं. हार्नेसच्या हुकाचं तोंड खाली असतं. तार वर ओढते म्हणून रिंग आत राहते. बंजी फार घट्ट असेल तर कडेवर बसल्या बसल्या, अजून वजन तारेवर आलेलं नसताना, ती रिंगेला खाली खेचून हुकातून काढते. आपल्याला वाटतं अडकलोय, आपण मागे झुकतो, आणि थेट जुवारी नदीत. सैल असेल तर रिकामी तार डुलायला लागते. आम्ही गाठ सरकवत सरकवत मधला ताण शोधला: रिंग हाताने उचलताना जरा विरोध हवा, पण हुकात टाकल्यावर ती तिथेच राहायला हवी. बंजीची गाठ निसटते, म्हणून दोन्ही टोकांना आठाची गाठ आणि वर दोऱ्याचे घट्ट वेढे.

रिंगेची उंची वाळूतच जुळवली. मऊ वाळू बघून बोट ठेवली, पलीकडे दोन दांडगे लोक बसवले आणि मी बाहेर लटकले. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या पर्यटकांनी फोटो काढले, तेही ठीक. शिकाऊ माणसाला रिंग उंच हवी, कारण आत परत येणं सोपं जातं. सपाट पाण्यात खाली घेतली की शरीर जास्त आडवं होतं आणि तेवढ्याच वजनाचा जोर वाढतो. लाटा असल्या तर पुन्हा वर, नाहीतर प्रत्येक लाट पाठीला धपाटा घालते.

या सगळ्या खटाटोपाचा इतिहासही गमतीचा आहे. १९३८ साली इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट, तेच पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून गाजलेले, आणि जॉन विंटर यांनी फोर्टीन वर्गाच्या (चौदा फुटी) शिडाच्या बोटीवर ट्रॅपीझ वापरून प्रिन्स ऑफ वेल्स कप जिंकला. वर्गाच्या मंडळींनी त्यानंतर लगेच ट्रॅपीझवर बंदी घातली!

हार्नेसबद्दल काका अडून बसले होते. मावसभावाकडे जुना, साध्या हुकाचा हार्नेस होता.

"हा घालून पाण्यात जायचं नाही," काका म्हणाले. "बोट उलटली आणि हुक ट्रॅम्पोलीनखाली कशात अडकला, तर काय करशील?"

"काका, सुरी असते ना जवळ."

"उलटं, पाण्याखाली, दोऱ्यांत. सुरी शोधशील?"

शर्यतीत २०२३ पासून आयएसओ १०८६२ या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारा, झटक्यात सुटणारा हार्नेस नियमानेच लागतो. आम्ही शर्यतीत उतरत नाही, तरी दोन्ही तसेच घेतले. किनाऱ्यावर वजन टाकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी सोडायचा सराव केला. डाव्या हाताला ते जास्त अवघड जातं, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

मग दुपारी खारे वारे भरले तेव्हा मुरगावच्या दिशेने निघालो. होबीच्या नाळी, म्हणजे हलांची पुढची टोकं, सडपातळ असतात, वारा मागून आला की पाण्यात घुसतात, आणि बोट थबकली की बाहेर लटकलेला माणूस तारेवरून पुढे, फोरस्टेपर्यंत झुलत जातो. म्हणून पुढचा पाय ताठ, आणि दोघांनीही मागे सरकायचं. मावसभाऊ पहिल्यांदा बाहेर गेला तेव्हा मी त्याच्याकडे कमी आणि पलीकडच्या रिंगेकडे जास्त बघत होते. ती ट्रॅम्पोलीनला चिकटून होती. शीड सैल सोडल्यावर बूम (शिडाखालची आडवी काठी) तिच्या तारेवर टेकला, बंजी ताणली गेली, बूम परतल्यावर तार जागेवर आली.

परतल्यावर गोड्या पाण्याने तारा धुतल्या आणि रुमाल फिरवला. कुठेच अडकला नाही. रिंगेची उंची बदलायच्या दोरीचं साल मात्र ती धरून ठेवणाऱ्या क्लीटच्या दातांखाली पिंजायला लागलंय, ती पुढच्या वेळी बदलू. बंजी उन्हाने मरते, ती दर मोसमात नवी. मावसभावाला रिंग आतापासूनच खाली हवी आहे. त्याला सांगितलंय, आधी डाव्या हाताने हार्नेस सोडून दाखव.